गोलंदाजाचा चेंडू

सहलीला निघताना काय काय घ्यायचं याची यादी मी आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिली होती. पाण्याची बाटली, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टोपी, वही, पेन्सिल. यादीत नसलेल्या वस्तूही पिशव्यांतून आल्याच. चिंचा आल्या, बोरं आली, एकीने तर धाकट्या भावाची शिट्टी आणली. आणि सहावीतल्या एका मुलाच्या खिशात चेंडू होता. लव उडून गेलेला, जुना, हिरवट टेनिसचा चेंडू.

एरवी मी तो काढून घेतला असता. त्या दिवशी नाही घेतला. कारण मुलांनो, आमची ती सहलच मुळी एका चेंडूच्या प्रश्नामुळे निघाली होती!

त्याची गोष्ट अशी.

आमची शाळा जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. दरवर्षी जानेवारीत गॅदरिंग असतं. नाच-गाणी तर असतातच, पण यंदा मुलांनी हट्ट धरला, "बाई, नाटक बसवा. लढाईचं!" शाळेचं कपाट धुंडाळताना मला एक जुनं पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली पानं गेलेली. त्यामुळे नाटकाचं नाव कळेना, लेखकाचंही कळेना. पण आत पेशवाईतल्या एका लढाईचा झकास प्रवेश होता. मी तो वहीत उतरवून घेतला, पार्ट वाटले आणि तालीम सुरू केली.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. पुस्तकात कंसात लिहिलं होतं, ‘पडद्यात आरोळी’. ज्याला ती आरोळी द्यायची होती तो मुलगा उठला, सतरंजीचा केलेला पडदा अंगाभोवती गुंडाळून घेतला आणि आतून ओरडू लागला! मी हसून सांगितलं, "अरे बाबा, जुन्या नाटकात ‘पडद्यात’ म्हणजे पडद्याच्या मागून. माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज ऐकू यायचा."

दुसऱ्या दिवशी एक जण बांबूचं धनुष्य घेऊन आला. का? तर नाटकात ‘बाण सुटले’ असं होतं. आता पेशवाईतले हे बाण रामाच्या धनुष्याचे नव्हेत बरं का! लोखंडी नळीत दारू ठासायची, नळी बांबूला बांधायची आणि पेटवून शत्रूवर सोडायची. आपल्या दिवाळीतल्या रॉकेटचा हा थोरला भाऊ. हे ऐकून मुलं खूश झाली. पण तिसऱ्या दिवशी एका मुलाची आई शाळेत आली. चेहरा गंभीर. म्हणाली, "बाई, पोरगं घरी पाठ करतंय, दारू संपली, दारू आणा. हे कसलं नाटक बसवलंय?" मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, की ही प्यायची दारू नव्हे, ही तोफेची दारू. दारूगोळ्यातली. जत्रेत शोभेची दारू उडवतात ना, तीच जात. तेव्हा कुठे त्या हसल्या.

मग आला गोलंदाज. नाटकात त्याला दोनच वाक्यं होती. ज्या मुलाला हा पार्ट दिला होता तो तालमीत उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, मपला चेंडू कुठंय?"

सगळा वर्ग खदाखदा हसला. कोणी ओरडलं, "अन् बॅट्समन कोण रे?" कोणी अंपायरसारखं बोट वर केलं. पण तो मुलगा गंमत करत नव्हता. त्याला खरोखरच वाटलं होतं, की गोलंदाज म्हणजे चेंडू टाकणारा. त्याने दुसरा गोलंदाज पाहिलाच कुठे होता? त्याचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला आणि वही पुढे ठेवून म्हणाला, "बाई, मला नको हा पार्ट. सरदाराला तलवार हाय, शिलेदाराला घोडा हाय. मला काय हाय?"

खरं सांगते मुलांनो, मला उत्तर देता आलं नाही. गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा, एवढं मला ठाऊक होतं. पण तो तोफेपाशी नेमकं काय करायचा, त्याचं काय काम, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. ज्या बाईंना स्वतःलाच दिसत नाही, त्या मुलांना काय दाखवणार?

त्या रात्री मी लाल पेन घेऊन बसले. म्हटलं, अवघड शब्दच काढून टाकू. गोलंदाज खोडलं, शिपाई लिहिलं. हुजरात खोडलं, फौज लिहिलं. कंपू खोडलं, फौज लिहिलं. बिनीची तुकडी खोडली, पुढची फौज लिहिली. पान संपलं तेव्हा वाचून पाहिलं. सगळीकडे नुसती फौज आणि नुसते शिपाई! वाक्यं सोपी झाली होती, पण लढाईत कोण कोण आहे हेच कळेनासं झालं होतं.

तेवढ्यात माझा धाकटा भाऊ सुट्टीला घरी आला. तो कॉलेजात इंग्रजी शिकतो. त्याला मी चेंडूचा किस्सा सांगितला. तो हसला, पण मुलांना नाही हसला. म्हणाला, "ताई, तुझ्या पोरांचं काही चुकलं नाही. शेक्सपिअर वाचताना आमचा अख्खा वर्ग असाच आपटतो."

शेक्सपिअर हा इंग्लंडचा मोठा नाटककार. जन्म १५६४, मृत्यू १६१६. म्हणजे आपले शिवाजी महाराज जन्मण्याच्या आधीच तो गेला. त्याच्या नाटकांत लढाया पुष्कळ. पण तेव्हाच्या नाटकगृहात पुढे पडदा नसायचा, विजेचे दिवे तर नव्हतेच. खेळ भर दुपारी उजेडात व्हायचा. पाच-सात नट म्हणजेच दोन फौजा! ‘पाचवा हेन्री’ या नाटकाच्या सुरुवातीला तर एक पात्र पुढे येऊन प्रेक्षकांची माफीच मागतं, की एवढ्याशा लाकडी मंचावर आम्ही मोठं रणांगण कसं मावणार, उरलेलं तुम्ही मनाने पाहा. आणि मन जागं करायला मदत कशाची? आवाजांची आणि शब्दांची.

पण ते शब्द आता चारशे वर्षांचे म्हातारे झाले. भावाने एक एक दाखवायला सुरुवात केली. त्याच नाटकात किल्ल्यावर हल्ला होतो, तिथे सूचना आहे, की ‘चेंबर’ उडतात. डिक्शनरी उघडाल तर चेंबर म्हणजे खोली. मग काय खोल्या उडाल्या? नाही! तेव्हा चेंबर म्हणजे आवाज काढणारी छोटी तोफ. आणि ही तोफ काही खेळण्यातली नसायची. २९ जून १६१३ या दिवशी लंडनच्या ‘ग्लोब’ नाटकगृहात ‘आठवा हेन्री’ हे नाटक चालू होतं. राजाच्या प्रवेशाला असल्या तोफा उडवल्या, ठिणगी वरच्या गवती छपरावर गेली आणि सबंध नाटकगृह जळून गेलं. माणसं वाचली. एका गृहस्थाच्या विजारीने मात्र पेट घेतला. तेव्हाच्या एका पत्रात लिहून ठेवलं आहे, की हातातली बाटलीभर बिअर ओतून ती विझवावी लागली!

पुढचा शब्द ‘एन्शंट’. एन्शंट म्हणजे प्राचीन, हे आपण इतिहासात शिकतो. ‘ऑथेल्लो’ नाटकातला दुष्ट इयागो हा सेनापतीचा ‘एन्शंट’ आहे. भाऊ म्हणाला, "आम्हाला वाटलं, म्हातारा असेल. पण तो आहे अठ्ठावीस वर्षांचा!" तेव्हाच्या लष्करात ‘एन्शंट’ म्हणजे निशाण धरणारा, आपला निशाणबरदार. हेच ऑथेल्लो मराठी वेशात आपल्याकडे केव्हाच आलं आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली त्याचं ‘झुंझारराव’ केलं.

मग भावाने घड्याळाकडे बोट दाखवलं. आपण पहाटे उठायला ‘अलार्म’ लावतो. शेक्सपिअरच्या नाटकांत लढाई सुरू झाली की ‘अलारम’ अशी सूचना असते. म्हणजे रणवाद्यांचा आणि आरोळ्यांचा कल्लोळ. शब्द मूळचा इटालियन. त्याचा अर्थ, ‘हत्यारं घ्या!’ उद्यापासून पहाटे गजर झाला की लक्षात ठेवा, तुमच्या उशाशी सैनिक ओरडतोय!

आणि शेवटचा शब्द ऐकून मी टाळीच वाजवली. ‘एक्स्कर्शन’. आपण सहलीला एक्स्कर्शन म्हणतो. पण शेक्सपिअरच्या पुस्तकात एक्स्कर्शन लिहिलं की एका दारातून चार शिपाई धावत यायचे, तलवारी खणखणायच्या आणि दुसऱ्या दारातून पळत निघून जायचे. शब्दाचा मूळ अर्थ बाहेर धावत जाणं. लढायला धावत गेलं तरी एक्स्कर्शन आणि डबा घेऊन धावत गेलं तरी एक्स्कर्शन!

मी लाल पेन बाजूला ठेवलं. म्हटलं, ठरलं. शब्द काढायचे नाहीत, शब्द शोधायचे. आणि गोलंदाज शोधायला एक्स्कर्शनच काढायची.

सोमवारी मुलांना सांगितलं, नाटकातला एकेक शब्द घ्या आणि घरी, पारावर, दुकानात विचारून या. आठ दिवसांत आमची ‘शब्दांची वही’ भरून गेली. एकीच्या आजीने ‘छबिना’ सांगितला. जत्रेत रात्री देवाची पालखी निघते तो छबिना. मी भर घातली, की लष्करात रात्री छावणीभोवती जे पहाऱ्याचे स्वार फिरत, त्यांनाही छबिनाच म्हणत. ‘मोर्चा’ सगळ्यांना ठाऊक होता, कलेक्टर कचेरीवर जातो तो. पण जुन्या कागदांत मोर्चा चालत नाही, एका जागी बसतो! किल्ल्यासमोर मातीची आड करून तोफा रोवायच्या, तो मोर्चा. ‘बिनी’ म्हणजे फौजेची सगळ्यात पुढची तुकडी. म्हणून अजून आपण म्हणतो, हा आमचा बिनीचा कार्यकर्ता. ‘शिलेदार’ स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. ‘बारगीर’ मात्र सरकारी घोड्यावर बसे. ‘हुजरात’ म्हणजे खुद्द धन्याची, हुजूरची फौज. आणि ‘गनिमी कावा’ तर पाठच असतो. पण कावा म्हणजे घोड्याला गोल गोल फिरवणं, हे किती जणांना माहीत आहे? घोडा वळवून हुलकावणी द्यायची, त्यावरून डावपेचालाच कावा म्हणू लागले.

‘बुणगे’ हा शब्द आणणारा मुलगा जरा नाराज होता. घरी त्याला सांगितलं होतं, की ही शिवी आहे. मी म्हटलं, आज तशी वापरतात खरी. पण फौजेबरोबर जे न लढणारे लोक असत, तंबू ठोकणारे, लाकूडफाटा आणणारे, दुकानं मांडणारे, ते बुणगे. त्यांच्यावाचून फौजेला भाकरी मिळाली नसती.

राहिला गोलंदाज. त्याला भेटायला आम्ही डिसेंबरातल्या एका सकाळी एस.टी.च्या लाल गाडीत बसलो आणि असईला निघालो.

असई आपल्याच जिल्ह्यात आहे, भोकरदनच्या पुढे. वाटेत राजूरच्या गणपतीचं दर्शन घेतलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका ओटीत कापूस वेचत होत्या. तूर पिवळी झाली होती, हरभरा हिरवागार. गाडीत गाण्यांच्या भेंड्या चालू होत्या. आमचा गोलंदाज मात्र खिडकीपाशी गप्प बसून चेंडू या हातातून त्या हातात करत होता.

केळणा नदीच्या काठी उतरलो. हिवाळ्यात पाणी ते किती असणार? दगडांमधून झुळझुळत होतं. मुलं म्हणाली, "बाई, हेच रणांगण? इथं तर शेतं हायत!" मी म्हटलं, "पाचवा हेन्रीची माफी आठवते ना? उरलेलं मनाने पाहायचं." मग दगडावर बसून मी काठीने मातीत नकाशा काढला.

दक्षिणेला ही केळणा. उत्तरेला जुई. दोघी पूर्वेकडे जाऊन मिळतात. मधली जमीन जिभेसारखी निमुळती. २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी याच दोन नद्यांच्या मध्ये दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा उतरल्या होत्या. कवायती पायदळच दहा हजारांच्या वर, घोडदळ त्याहून कितीतरी मोठं आणि तोफा शंभराच्या आसपास. समोरून आला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय ३४. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत त्याने नेपोलियनला हरवलं.

"वेलस्लीला नदी ओलांडायची होती," मी म्हटलं. "सप्टेंबरचे दिवस. वाटाडे म्हणाले, इकडे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. त्याला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर दिसली. एक या काठाला, एक त्या काठाला. त्यावरून त्याने काय ओळखलं असेल?"

क्षणभर शांतता. मग मागून एक मुलगी म्हणाली, "पल्याडच्या गावात सोयरे असतील की बाई! मग जायला-यायला पाण्यातून वाट असणारच!"

शाब्बास! वेलस्लीनेही हेच ओळखलं. आमच्या चौथीतल्या मुलीला जे सुचलं, त्याच्यावर त्या दिवशी लढाई फिरली. इंग्रज फौज तिथून उतरली आणि शिंद्यांच्या फौजेच्या कुशीवर आली.

आता वहीतला एक शब्द बाहेर काढायची वेळ झाली. मी विचारलं, "कंपू म्हणजे काय?" सगळे ओरडले, "आमचा कंपू! दोस्तांचा!" हो, आज दोस्तांचा. पण शब्द आला पोर्तुगीज ‘कांपू’वरून, म्हणजे छावणी. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास द बॉयन नावाच्या परदेशी सरदाराला चाकरीला ठेवून युरोपी पद्धतीची कवायती फौज उभी केली. तिच्या मोठ्या भागांना कंपू म्हणत. एका कंपूत पलटणी, घोडदळ, तोफा, सगळं असे. असईला अशाच एका कंपूचा प्रमुख होता पोलमन, जर्मनीतल्या हॅनोवरचा. वेलस्लीला वाटलं होतं, की ही फौज चटकन तोंड फिरवू शकणार नाही. पण कंपूच्या पलटणी आणि तोफा सराईतपणे वळल्या आणि नवी रांग धरून उभ्या राहिल्या. तिचं एक टोक केळणेपाशी, दुसरं असई गावापाशी.

"बाई, मग आपले कोण अन् त्यांचे कोण?" एकाने विचारलं.

प्रश्न सरळ, उत्तर अवघड. इंग्रजांच्या बाजूला गोरे होते तसे मद्रासकडचे हिंदी शिपाईही होते, म्हैसूरचे स्वार होते आणि इंग्रजांशी तह केलेल्या पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वारही होते. शिंद्यांच्या बाजूला पोलमनसारखे गोरे अंमलदार होते आणि सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. नाटकात दोनच रंगाचे फेटे असतात. खऱ्या लढाईत तसं नसतं.

"आता ऐका," मी म्हटलं, आणि मुद्दाम त्या मुलाकडे बघितलं. "आता गोलंदाज येतोय."

फारसीत शब्दाला ‘अंदाज’ जोडला की होतो फेकणारा. तीर फेकणारा तो तिरंदाज. गोळा फेकणारा तो गोलंदाज. पुढे क्रिकेट आलं, बोलरला मराठी नाव हवं होतं, तेव्हा तोफेपाशी उभा असलेला हा माणूस उचलून मैदानात आणला. पण त्याचं खरं काम बघा. आधी ओल्या बोळ्याने तोफेची नळी पुसायची. आत ठिणगी राहिली तर दारू भरतानाच भडका उडून हात जाईल! मग दारू, मग गोळा, गजाने ठासायचं, नेम धरायचा, बत्ती द्यायची आणि धक्क्याने मागे सरकलेली तोफ पुन्हा ओढून जागेवर आणायची. एका तोफेला पुष्कळ माणसं, आणि एक चुकला तर सगळे मेले. त्यातल्या कोणाला पळून लपायला जागा नाही. शिलेदार घोडा फेकून निघून जाऊ शकतो. गोलंदाजाला तोफ सोडवत नाही.

असईला काय झालं? शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज फौजेचे असे हाल केले, की नदी उतरून आलेल्यांच्या ओळीच्या ओळी कोसळल्या. शेवटी इंग्रजांचं पायदळ संगिनी रोखून तोफांवर आलं. गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. ते तोफांपाशीच पडले. पायदळ त्यांना ओलांडून पुढे गेलं. आणि मग, मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले! तोफा उलट्या फिरवल्या आणि पुढे गेलेल्या इंग्रजांवर मागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

कोणी हूं की चूं केलं नाही. नदीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

"मग आपण जिंकलो?" तो मुलगा हळूच म्हणाला.

"नाही बाळा. लढाई इंग्रजांनी जिंकली. तोफा सगळ्या त्यांनी नेल्या. पण त्यांचीही ४२८ माणसं मेली आणि ११३८ जखमी झाली. त्यांच्या मानाने हे फार मोठं नुकसान होतं. म्हातारपणी वेलस्लीला कोणी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला, असं सांगतात."

"अन् त्या गोलंदाजांची नावं?"

वेलस्लीचं नाव आहे. दौलतरावांचं आहे, पोलमनचं आहे. त्या उठून उभ्या राहिलेल्या गोलंदाजांचं एकही नाव मला सांगता आलं नाही. त्यांचं उरलंय ते एवढंच, तो एक शब्द. आणि मी तो लाल पेनाने खोडायला निघाले होते.

दुपारी दशम्या सोडल्या. जेवण झाल्यावर मुलांनी नदीच्या वाळूत दगडांचे स्टंप केले. चेंडू होताच! आमच्या गोलंदाजाने एक षटक टाकलं, दोन गडी बाद केले आणि चेंडू खिशात घालून माझ्यापाशी आला.

"बाई, ह्याला कोळशानं काळा केला तर गोळा होईल का?"

मी म्हटलं, "होईल की!"

गॅदरिंगच्या रात्री पत्र्याच्या पिंपाची तोफ होती. आमचा गोलंदाज आला. आधी त्याने ओल्या फडक्याने तोफ पुसली. पुस्तकात ते नव्हतं, त्याने स्वतःच घातलं होतं. मग दारू भरली, मग खिशातून काळा गोळा काढून सगळ्यांना दाखवला, आत टाकला, गजाने ठासला. प्रेक्षकांत अगदी शांतता. ‘पडद्यात’ ढोल वाजला. लढाई संपली, गोलंदाज तोफेपाशी पडला. सरदार त्याला ओलांडून गेले. आणि मग तो उठला! दारूची तक्रार घेऊन आलेल्या त्या मातोश्रींनी सगळ्यात आधी टाळी वाजवली.

त्याची वाक्यं दोनच होती. एकही बदललं नव्हतं.

आता मुलांनो, तुमच्यासाठी आमच्या वहीतले तीन शब्द मुद्दाम राखून ठेवलेत. चंदावल, जामगी आणि तोबरा. लगेच पुस्तक उघडू नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. एखादा शब्द त्यांच्याकडे नक्की असेल, आणि त्याच्या मागे उभं असलेलं एखादं माणूससुद्धा.